कॉइल जळू नये म्हणून

माझं सगळं कामाचं आयुष्य तार तापवण्यात गेलं. बाकीचे लोक कॉम्प्युटर शिकले, अमेरिकेत आले आणि प्रोग्रॅम लिहून मोठमोठी घरं बांधून मोकळे झाले. मी धातुशास्त्र शिकलो, २००१ साली अ‍ॅरिझोनात चँडलरला आलो आणि तार तापवली. आधी मोठी तापवली, मग छोटी. मोठी तापवत होतो तोवर इथल्या मराठी मंडळात माझी ओळख 'सेमीकंडक्टरमध्ये आहेत' अशी करून दिली जायची. छोटी तापवायला लागल्यावर ओळख करून द्यायचंच बंद झालं. मी मॉलमध्ये दिसलो की ओळखीची मंडळी चपलांच्या दुकानात शिरून एकदम लहान मुलांचे बूट बघायला लागायची. ज्यांची मुलं कॉलेजात होती, तीसुद्धा.

मोठी तार म्हणजे काय, ते सांगतो. चिप बनवतात त्या कारखान्यात भट्ट्या असतात. भट्टी म्हटल्यावर धूर, राख, घामेजलेला माणूस असलं काही डोळ्यांसमोर आणू नका. आमची भट्टी ऑपरेशन थिएटरपेक्षा स्वच्छ. एक लांबलचक काचेची नळी, तिच्या भोवती करंगळीएवढ्या जाड तारेची वेटोळी. तीच कॉइल. नळीत सिलिकॉनच्या चकत्या ठेवायच्या, कॉइल तापवायची आणि आतून ऑक्सिजन सोडायचा. दुधावर साय धरते तसा त्या चकत्यांवर एक पातळ थर धरतो. थर धरला की चकती पुढे जाते आणि जगाची प्रगती होते. माझं काम जगाच्या प्रगतीचं नव्हतं. माझं काम कॉइल मरू न देण्याचं होतं.

कॉइल मरते ती तीन कारणांनी: एकदम तापवली तर, एकदम गार केली तर आणि घाण बसली तर. म्हणून ती कधीच पूर्ण गार होऊ द्यायची नाही. आमच्या घरातली माणसं दिवाळीत थंडीने कुडकुडली असतील, पण माझ्या कॉइल्स कायम उबेत होत्या. माझ्या हाताखालच्या कॉइल्स इतरांपेक्षा जास्त टिकायच्या, हे मी स्वतः सांगतोय कारण दुसरं कोणी सांगत नाही. एकदा मला त्याबद्दल लाकडी फळीवर पितळी पट्टी लावलेलं मानचिन्ह मिळालं. त्यावर माझं नाव चुकीचं होतं, पण कॉइलचा मॉडेल नंबर बरोबर होता.

२००७ च्या शेवटी आमचा विभाग बंद झाला. भट्ट्या खोक्यांत भरून समुद्रापलीकडे निघाल्या. कॉइल्सना भोवतीने मऊ स्पंज, वर 'नाजूक' असा शिक्का. मला एक पुठ्ठ्याचं खोकं दिलं, शिक्का कुठलाच नाही.

मग काही महिने मी घरात बसून बायकोला स्वयंपाकाच्या गॅसची ज्योत कशी असावी यावर मार्गदर्शन केलं. तिने, म्हणजे शुभदाने, ते जितके दिवस सहन करता येण्यासारखं होतं तितके दिवस केलं. अशातच लॉस एंजेलिसच्या एका ओळखीच्या आयातदाराने मला एक पेनसारखी वस्तू पाठवली. इलेक्ट्रॉनिक सिगारेट. आज पोरं ज्याला व्हेप म्हणतात आणि फळांच्या रंगाचं घेऊन फिरतात, त्याची ही पणजी. मी ती उघडली. आत शाईच्या ठिपक्याएवढ्या चिनीमातीच्या वाटीत केसाएवढी बारीक तार, वेटोळी घातलेली. मला त्यात सिगारेट दिसलीच नाही. मला कॉइल दिसली.

"सुहास," शुभदा म्हणाली, "तू आयुष्यात एक सिगारेट ओढलेली नाहीस."

"मग भट्टीत तरी मी कुठे बसलो होतो?" मी म्हटलं.

हा मुद्दा मला त्या वेळी बिनतोड वाटला. २००८ च्या वसंतात चँडलरच्या मॉलमध्ये, पाय दाबणाऱ्या खुर्च्या आणि मोबाइलची कव्हरं यांच्या मधोमध, माझा किऑस्क, म्हणजे मॉलमधली टपरी, उभा राहिला. आमची मुलगी तेव्हा हायस्कुलात होती. ती मैत्रिणींना सांगायची, "माय डॅड इज इन इलेक्ट्रॉनिक्स." खोटं नव्हतं ते.

या वस्तूने माणसाचं भलं होतं की वाईट, हे तेव्हा कोणालाच नीट ठाऊक नव्हतं, आणि विकणाऱ्याला ठाऊक करून घ्यायची मुळीच घाई नव्हती. मला एवढंच ठाऊक होतं की तिचे तीन तुकडे असतात. खाली बॅटरी. मध्ये अ‍ॅटमायझर, म्हणजे कॉइलची डबी. वर कार्ट्रिज, म्हणजे तोंडात धरायची टोपी. तिच्यात कापसासारखा बोळा आणि बोळ्यात निकोटिनचं पातळ औषध. बटण दाबून ओढलं की तार तापते, बोळ्यातलं औषध वातीवाटे तारेवर येतं, त्याची वाफ होते आणि माणूस धूर सोडल्याच्या समाधानात वाफ सोडतो. हजार अंशांच्या भट्ट्या सांभाळलेल्या माणसाला हा बाहुलीच्या भातुकलीतला खेळ वाटला.

पहिलं गिऱ्हाईक तिसऱ्या दिवशी परत आलं. डेनिस नावाचा, घरांची छपरं दुरुस्त करणारा, उन्हाने विटेच्या रंगाचा झालेला मनुष्य. म्हणाला, याला जळका वास येतो. मागून आलेल्या बाई म्हणाल्या, जळक्या केसांचा. एकजण म्हणाला, इस्त्रीखाली ओला कुत्रा सापडावा तसा. मी त्यांना तारेचं तापमान आणि द्रवाचा प्रवाह यांचं नातं समजावून दिलं. मग रोज रोज समजावण्यापेक्षा एक सुरेख तक्ता काढून किऑस्कवर लावला. लाल रेघ वर चढते आणि एका जागी तिच्यावर ज्वाळेचं चित्र. लोक दुरून तो तक्ता बघायचे आणि आणखी दूर जायचे. शेजारचा खुर्च्यांवाला म्हणाला, त्यांना वाटतंय तुझी वस्तू पेट घेते. तक्ता काढला.

याच सुमारास भालेराव काका आले.

डॉक्टर भालेराव मूळचे नागपूरचे, सत्तरच्या दशकात इकडे आलेले, आता निवृत्त. नाक-कान-घशाचे सर्जन. जन्मभर दुसऱ्यांच्या घशात दिवा घालून "सिगारेट सोडा" म्हणाले आणि मग मागच्या दाराने बाहेर जाऊन स्वतःची पेटवली. मंडळाच्या कार्यक्रमात आरती सुरू झाली की काका कुठे असतील हे विचारावं लागत नसे. हॉलच्या मागे कचऱ्याच्या पेट्यांपाशी धूर दिसला की समजायचं. त्यांच्या पत्नी सुमनकाकूंनी आयुष्यात सिगारेट शिवली नव्हती. फुप्फुसं मात्र त्यांची गेली.

काकू तेव्हा न्यूमोनियातून उठून एका शुश्रूषागृहात होत्या. तिथून घरी सोडायचं तर घरात चोवीस तास ऑक्सिजन लागणार होता. आणि तिथल्या बाईंनी काकांना स्पष्ट बजावलं होतं: ज्या घरात सिगारेट ओढतात त्या घरात मी पेशंट पाठवणार नाही. आधी घर बघायला येईन. वास आला तर तुमच्या पत्नी इथेच राहतील.

काका किऑस्कच्या काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. 

"निकोटिनचं च्युइंग गम खाल्लं, पट्ट्या लावल्या. काही होत नाही, बापा," ते म्हणाले. "सुमन तिथं जेवत नाही. उकडलेल्या बीन्स देतात, ती बाजूला सारून ठेवते. मला म्हणते, घर नेहमीसारखंच असेल नं? मी काय सांगू? मला तिला घरी न्यायचंय. तुझ्याकडे काही आहे काय?"

माझ्याकडे होतं. मी अत्यंत आत्मविश्वासाने ते त्यांना दिलं.

काका दोन दिवसांत कॉइल जाळायचे. कधी एका दिवसात. मी नवी द्यायचो, ते ती जाळून आणायचे. हा माणूस करतो तरी काय, म्हणून मी त्यांना समोर उभं करून ओढायला सांगितलं. आणि कारण कळलं. ते तिला सिगारेटसारखी ओढत होते: गाल आत, जोरात, लागोपाठ, जणू मागे पेशंट खोळंबलेत. त्या वेगाने वातीत औषध येणार कुठून? कोरडी तार, कोरडी वात, आणि मग जळणार नाही तर काय होणार.

या वेळी मी तक्ता काढला नाही. म्हटलं, "काका, हॉस्टेलवर वातीचा स्टोव्ह होता का तुमच्या?"

"होता नं."

"रॉकेल संपत आलं की काय व्हायचं?"

"वात जळायची. चहाला वास मारायचा." काका थांबले. मग हातातल्या पेनकडे बघून म्हणाले, "हा स्टोव्ह आहे होय? मग असं सांग नं."

भट्ट्यांच्या धंद्यात मी जे शिकलो ते सगळं त्या वातीच्या स्टोव्हमध्ये बसत होतं, आणि मला तिथवर यायला इतकी जळकी गिऱ्हाइकं लागली. त्यानंतर मी सगळ्यांना तेच सांगायला लागलो, फक्त डेनिसला स्टोव्हच्या जागी कंदील सांगितला. नवी कॉइल घातली की लगेच बटण दाबायचं नाही. औषधाचे थेंब टाकून वात भिजू द्यायची. सावकाश, लांब ओढायचं. एकदा ओढल्यावर दुसऱ्यांदा ओढायच्या आधी थांबायचं, वातीला प्यायला वेळ द्यायचा. बोळा कोरडा पडायची वाट बघायची नाही, आधीच थेंब टाकायचे. चव जरा बिघडली की डबी काढून फुंकायची, गरम पाण्यात खळबळून पूर्ण वाळवायची, आणि ती वाळेपर्यंत दुसरी वापरायची.

"हे ओढायचं की याची सेवा करायची?" काकांनी विचारलं. पण केली. सर्जनचे हात होते, थेंब नेमका वातीवर पडायचा. कॉइल्स टिकायला लागल्या. शुश्रूषागृहाच्या बाईंची फेरी पुढच्या सोमवारी ठरली.

इथे मी गप्प बसलो असतो तर काकू सोमवारीच घरी आल्या असत्या.

पण काका एकदा म्हणाले, "चव मात्र ओल्या पुठ्ठ्याची आहे." एवढं वाक्य माझ्यातल्या संशोधकाला पुरे होतं. त्या काळी चवी दोनच यायच्या, तंबाखू आणि पुदिना. तंबाखूची पुठ्ठ्यासारखी लागायची आणि पुदिन्याची टूथपेस्टसारखी. मी ठरवलं, आपल्या माणसाला आपली चव द्यायची. वेलची. दुकानातला वेलचीचा अर्क आणला, औषधात घातला, चाखला. काहीतरी कमी वाटलं. आता आमचं घर असं आहे की वरणात गूळ, कोशिंबिरीत साखर, उसळीत पुन्हा गूळ. काहीतरी कमी वाटलं तर ते काय असतं, हे आम्हाला विचार करून शोधावं लागत नाही. मी कढईत थोडा साखरेचा पाक केला आणि तो त्यात मिसळला.

पाक तापत गेला की त्याचं काय होतं, हे कोणाही संसारी बाईला विचारा. मी विचारलं नाही. ती माझ्या पाठीमागे उभी राहून कढई कोण घासणार, एवढंच विचारत होती.

शुक्रवारी काकांना मी ती बाटली आणि नव्या कॉइल्सची अख्खी पेटी दिली. संध्याकाळी त्यांचा फोन आला. इतका खूश माणूस मी क्वचित ऐकला. म्हणाले, कोजागरीचं दूध प्यायल्यासारखं वाटतंय, तू पेटंट घे. मी खरोखर पेटंटचा विचार करत झोपलो. शनिवारी दुपारपर्यंत त्यांच्या पहिल्या कॉइलवर पाकाचा काळा खडा धरला. दुसरी घातली, तीही गेली. पेटीतल्या सगळ्या कॉइल्स रविवारपर्यंत कोळसा झाल्या. काकांनी गरम पाण्यात खळबळल्या, टूथब्रशने घासल्या. करपलेली साखर कशाला दाद देते? मी त्या रविवारी मुलीच्या शाळेच्या स्पर्धेला टूसॉनला गेलो होतो आणि फोन गाडीत होता.

सोमवारी सकाळी बाई आल्या. घरात सिगारेटचा वास होता.

काका त्याच दिवशी मॉलमध्ये आले. ते ओरडतील म्हणून मी शेजारच्या खुर्च्यांवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं, की घरचं माणूस आहे, सिक्युरिटीला बोलावू नकोस. ते ओरडले नाहीत.

"मी सुमनला सांगितलं, घराला रंग देऊन राहिलो म्हणून उशीर होतोय," ते म्हणाले. "तिने विचारलं, कोणता रंग? मी म्हटलं, पिस्ता. आता पिस्ताच द्यावा लागेल."

पुढचा आठवडा मी आणि काकांनी त्यांच्या घराला पिस्ता रंग दिला. पडदे धुतले, गालिचा उपसून टाकला. किऑस्कवर 'लवकरच परत येतो' अशी पाटी लावून मी दुपारच्या दुपारी गायब व्हायचो. धंद्याच्या दृष्टीने ते माझे सर्वांत कमी नुकसानीचे दिवस. काकांना बिनसाखरेचं साधं औषध दिलं, पुठ्ठ्याच्या चवीचं. त्यांनी चवीबद्दल एक अक्षर काढलं नाही. घाम पुसायला शिडीवरून उतरायचे, सावकाश एकदा ओढायचे, थांबायचे, पुन्हा चढायचे. सिगारेटला त्यांनी हात लावला नाही. बाई दुसऱ्यांदा आल्या तेव्हा घराला फक्त रंगाचा वास होता. मे महिन्यात काकू घरी आल्या.

मी इतक्या चुका सांगितल्या, त्या सगळ्या हसून सांगता येतात. पुढची तशी नाही, पण तीही माझीच, आणि करताना मी हसतच होतो.

काकू घरी आल्यानंतरच्या रविवारी मी त्यांना भेटायला गेलो. दारावर ऑक्सिजनवाल्या कंपनीने मोठी पाटी लावली होती: आत ऑक्सिजन आहे, धूम्रपान करू नये. सिगारेटचं चित्र आणि त्यावर लाल फुली. त्या पाटीखालून आत जाताना मला कोण अभिमान वाटला. आमची वस्तू म्हणजे काही सिगारेट नव्हे. ज्वाळा नाही, राख नाही, धूर नाही.

काकू खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. कोपऱ्यात फ्रिजसारखं गुरगुरणारं यंत्र, त्यातून निघालेली पारदर्शक नळी घरभर वळणं घेत त्यांच्या नाकापर्यंत गेलेली. बारीक झाल्या होत्या, पण जीभ तशीच होती. भिंतींकडे बघून म्हणाल्या, "पिस्ता म्हणे. पिस्ते कधी बघितलेत तुम्ही दोघांनी?" काकांनी चहा केला. मग काकू ऐकत असतानाच हळूच मला म्हणाले, आज जरा जळकट लागतंय, बघ नं.

मी दिवाणखान्याच्या मधोमध उभा राहून पेन उघडलं. वरची टोपी काढली. कॉइल साफ आहे की नाही बघायची एक पद्धत असते: औषध न घालता बटण दाबायचं आणि तार लाल होऊ द्यायची. घाण असेल तर तिथे काळा डाग दिसतो. मी बटण दाबलं. तार सुरेख तापली, वेटोळं न् वेटोळं नारिंगी.

"बघा काका," मी डबी पुढे धरून म्हटलं, "एकसारखी. कुठेही डाग नाही. याला म्हणतात कॉइल."

"सुहास," काकू म्हणाल्या, "पाय उचल रे. माझ्या श्वासावर उभा आहेस."

मी खाली बघितलं. माझ्या पायाखाली ती नळी होती. वर बघितलं, तर माझ्या हातात लालभडक तार होती.

बटणावरचं बोट कधी निघालं ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की मी चालत दाराबाहेर गेलो, पाटीखालून, अंगण ओलांडून थेट रस्त्यापर्यंत, आणि तिथे त्यांच्या घरच्या पोस्टाच्या पेटीला धरून उभा राहिलो. काका मागोमाग आले.

"काय झालं रे?"

ऑक्सिजन स्वतः जळत नाही. पण तो जिथे जास्त असतो तिथे बाकीचं सगळं, म्हणजे कापड, केस, गादी, प्लास्टिकची नळी, कशानेही पेट घेतं आणि बघता बघता जातं. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. माझ्या भट्टीत तापलेली कॉइल आणि ऑक्सिजन एकमेकांच्या शेजारी असायचे, आणि त्या दोघांच्या मध्ये भिंती, झडपा, भोंगे, आपोआप वीज तोडणाऱ्या कळा, काय काय असायचं. नव्या माणसांना त्याचा वर्ग कोण घ्यायचं? मी. मोठ्या तारेला जे सगळे पहारे लावले, ते लहान तारेला लागतात हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी चवीत गुंतलो होतो.

हे मी काकांना सांगितलं. 

"मी घशाचं ऑपरेशन करायचो नं," ते म्हणाले, "तर कॉटरी, म्हणजे रक्त थांबवायची तापती सुई, लावायच्या आधी ओरडायचो, ऑक्सिजन कमी करा म्हणून. दर वेळी. नर्सेस मला हसायच्या. आणि मी काल तिच्या खुर्चीच्या हातावर बसून हे ओढलं."

तर असे आम्ही दोघे, एक भट्टीचा तज्ज्ञ आणि एक घशाचा, मे महिन्याच्या उन्हात पोस्टाच्या पेटीपाशी उभे राहून आपापल्या ज्ञानाला जोडे मारत होतो.

आत गेलो तर काकूंना सगळं समजलं होतं. खिडकी उघडी होती.

"ही नळी कुठवर येते?" त्यांनी विचारलं.

काका म्हणाले, पायरीपर्यंत.

"मग पायरीच्या पुढे तुमचं राज्य. नाही, पायरी नको, तिथून वारा आत येतो. आत्ता दोघे उभे होतात नं, तिथं. त्या पेटीपाशी. ते पेन घरात आणायचंच नाही, गॅरेजात ठेवायचं. आणि डोक्यावर टोपी घालून जात जा."

त्यांनी 'सोडा' म्हटलं नाही. मला वाटतं, जन्मभर म्हणून झालं होतं.

मी काकांना एक कोरी कॉइल दिली, स्वतः भिजवून, स्वतः तपासून, अर्थात रस्त्यावर. त्यानंतर ते किऑस्कवर यायचे बंद झाले. जून गेला, जुलै गेला. माझ्याकडून सर्वांत जास्त कॉइल्स नेणारं गिऱ्हाईक बंद झालं, तर माझ्या मनात काय यावं? मेणबत्त्यांच्या दुकानासमोर याच वस्तूंचा नवा किऑस्क उघडला होता, हे तिकडे जायला लागले की काय. मनुष्य धंद्यात पडला की इतक्या लवकर धंदेवाईक होतो. शुभदाला बोललो तर ती म्हणाली, "काकू बऱ्या आहेत ना, ते विचार आधी." फोन केला. काकू बऱ्या होत्या. काकांनी कॉइलचा विषय काढला नाही आणि मलाही विचारायचं धाडस झालं नाही. पुन्हा सिगारेट सुरू झाली असेल तर ती माझ्यामुळे, हे ऐकायला नको होतं.

ऑक्टोबरात एके सकाळी डेनिस आला. कंदिलाचं सगळं शास्त्र पाळूनही त्याची कॉइल आठवडाभरात जळत होती, आणि तो काउंटरवर बोट आपटून मला ते सांगत होता. त्याच्या खांद्यावरून मला काका येताना दिसले. लांब, चपलांच्या दुकानापाशी सुमनकाकू थांबल्या होत्या, चाकांच्या छोट्या गाडीवर सिलिंडर घेऊन. मॉलमध्ये चालायला येत होत्या म्हणे, डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी समोरच्या सगळ्या बॅटऱ्या आधी खणात टाकल्या.

काकांनी डेनिसचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. मग शर्टाच्या खिशातून कॉइलची डबी काढून काउंटरवर ठेवली आणि इंग्रजीत, पेशंटशी बोलायच्या आवाजात सांगितलं, की ही मे महिन्यातली आहे. तीच. आजवर एकदाही जळकी चव नाही.

मी डबी उचलून आत बघितलं. वातीवरची जाळी चकचकीत, वात पांढरी, तारेवर कणभर डाग नाही. माझ्या अख्ख्या कारकिर्दीत, मोठी आणि छोटी तार धरून, इतकी टिकलेली कॉइल मी पाहिली नव्हती. डेनिसनेही आत डोकावून बघितलं आणि अगदी नम्र होऊन विचारलं, की हे कसं केलं?

"सांग नं त्याला," काका मला मराठीत म्हणाले. "तुझीच विद्या आहे."

"काका, तुम्ही ही शेवटची ओढली कधी?"

काका आठवायला लागले. "जूनमध्ये... तो पोस्टमन भेटला होता, त्या दिवशी." मग जरा रागानेच म्हणाले, "त्या पेटीपाशी उभं राहून बघ तू एकदा. चटके बसतात. कोण जाईल उन्हात?"

"आणि सिगारेट?"

"तीही तिथंच जाऊन ओढावी लागली असती नं, बापा."

डेनिस वाट बघत होता. मी त्याला खरं ते सांगितलं: यांची कॉइल टिकली, कारण हे ती वापरत नाहीत. तो आधी हसला. मग मी हसत नाही हे बघून त्याने आपली डबी उचलली आणि मेणबत्त्यांच्या दुकानाच्या दिशेने गेला.

मी आणि काका चपलांच्या दुकानापाशी गेलो. काकूंनी विचारलं, तो गोरा काय म्हणत होता?

"कॉइल कशी टिकवायची ते विचारत होता," काका म्हणाले. आवाजात थोडी ऐट होती. "सांगितलं आम्ही."

"पटलं त्याला?"

"नाही, काकू," मी म्हटलं. "विश्वास नाही बसला."

काकूंनी काकांना जवळ ओढलं, त्यांच्या कॉलरला नाक लावून सावकाश वास घेतला आणि सिलिंडरच्या गाडीची मूठ त्यांच्या हातात दिली.

"मला तरी कुठे बसतोय," त्या म्हणाल्या. "चला."